तिवर खाऱ्या पाण्यात जगतो कसा? : पनवेलच्या शाळांसाठी जीवशास्त्राचे जिवंत साहित्य

चिरलेल्या काकडीवर मीठ भुरभुरले की थोड्याच वेळात ताटलीच्या तळाशी पाणी जमू लागते आणि फोडी मऊ पडतात. म्हणूनच कोशिंबिरीत मीठ अगदी वाढण्याच्या वेळी घालण्याची पद्धत घरोघरी आहे. मिठामुळे भाजीतले पाणी बाहेर पडते हे स्वयंपाकघरातले ज्ञान असे सर्वांच्या परिचयाचे असताना, पनवेलच्या खाडीकाठी मात्र त्याला छेद देणारे दृश्य रोज दिसते. तेथील चिखलात वाढलेली तिवराची झाडे दिवसातून दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहतात आणि तरीही बारा महिने हिरवी असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि एवढ्या खारट पाण्यात काकडीचा वेल लावला तर तो कोमेजून मरेल. मग काकडीला न मानवणारे मीठ तिवराला कसे मानवते?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात माध्यमिक शाळेच्या जीवशास्त्रातल्या ‘परासरण’ या संकल्पनेत आहे. परासरणाची व्याख्या विद्यार्थी आठवीपासून शिकतात आणि उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितातही. परंतु काकडी आणि तिवर यांना शेजारी ठेवून प्रश्न विचारला, तर ती पाठ व्याख्या बहुधा उपयोगी पडत नाही. व्याख्या येणे आणि यंत्रणा समजणे यांच्यामधले हे अंतर भरून काढणे हेच अध्यापनसाहित्याचे काम होय. साहित्य रंगीत, महाग किंवा हलतेबोलते असल्यामुळे विद्यार्थी त्यात गुंततात, ही समजूत फारशी खरी नाही. विद्यार्थ्याने आधी मांडलेला अंदाज खोटा ठरवण्याची ताकद ज्या वस्तूत असते, ती वस्तू त्याला विचार करायला भाग पाडते. आणि अशी ताकद असलेल्या वस्तू पनवेलच्या भाजीबाजारात, शाळेच्या बागेत, खाडीकाठच्या खाजणात आणि भातखाचरांत अत्यल्प खर्चात मिळतात.

आधी अंदाज, मग निरीक्षण

ऑस्ट्रेलियातील शिक्षणसंशोधक रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आकलन तपासण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतील एक अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण अशा तीन टप्प्यांची आहे. प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने काय घडेल आणि ते का घडेल हे वहीत लिहायचे, नंतर जे घडते ते पाहायचे, आणि शेवटी लिहिलेले व घडलेले यांत फरक असेल तर त्याचा उलगडा करायचा. पद्धत साधी असली, तरी पहिला टप्पा लेखी असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. कारण अंदाज नुसता मनात ठेवला तर निकाल दिसल्यावर ‘मला हेच वाटत होते’ असे म्हणण्याची मोकळीक राहते आणि चुकीची समजूत धक्का न लागता टिकून राहते.

चुकीच्या समजुती किती चिवट असतात याचे एक जुने उदाहरण येथे उपयोगी पडेल. झाडाचे वजन मातीतून येते असे बहुतेकांना स्वाभाविकपणे वाटते. शास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हॅन हेलमाँट यांनी २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून त्यात विलोचे रोप पाच वर्षे केवळ पाणी घालून वाढवले. झाडाचे वजन १६४ पौंडांनी वाढले, मातीचे मात्र काही औंसच कमी झाले. वजन मातीतून येत नाही हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. ते सर्व पाण्यातून येते हा निष्कर्ष अपुरा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. हेलमाँट यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापले गेले, आणि आजही प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण लिहू शकणारा विद्यार्थी ‘झाडाचे लाकूड कशापासून बनले?’ या प्रश्नाला मातीकडे बोट दाखवतो.

परासरणाच्या बाबतीत अशाच समजुतींची पद्धतशीर नोंद अमेरिकेत लुईस ओडम आणि लॉइड बॅरो यांनी केली व १९९५ साली त्यावर आधारित चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रश्न दोन पायऱ्यांचे आहेत: पहिल्या पायरीत काय घडेल ते निवडायचे आणि दुसरीत त्याचे कारण. पहिले उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे असे विद्यार्थी यामुळे वेगळे काढता येतात. मराठी वर्गात ऐकू येणारी ‘मीठ पाणी ओढून घेते’ किंवा ‘दोन्हीकडे सारखे व्हावे म्हणून पाणी जाते’ ही स्पष्टीकरणे याच जातीची आहेत. पहिल्यात मिठाला हात फुटतात, दुसऱ्यात पाण्याला हेतू चिकटवला जातो, आणि दोन्हींत पेशीच्या पटलाचा उल्लेखच नसतो.

बटाटा काय सांगतो

पटलाचे महत्त्व दाखवणारा सर्वांत स्वस्त प्रयोग बटाट्याचा आहे. सारख्या आकाराचे दोन बटाटे घेऊन त्यांतील एक उकडायचा, दोघांची खालची साल काढायची, वरून वाटीसारखा खळगा कोरायचा, खळग्यात चिमूट-दोन चिमूट साखर टाकायची आणि दोन्ही बटाटे बशीतल्या थोड्या पाण्यात उभे ठेवायचे. काही तासांनी, सोयीने दुसऱ्या दिवशी, पाहिले असता कच्च्या बटाट्याचा खळगा पाण्याने भरलेला आढळतो आणि उकडलेल्याचा तसा भरलेला आढळत नाही. साखर दोन्हींत सारखीच होती. साखर पाणी ‘ओढते’ एवढेच खरे असते तर दोन्ही खळगे सारखेच भरायला हवे होते. उकडताना फक्त एक महत्त्वाची गोष्ट बिघडली, ती म्हणजे पेशींभोवतीची पातळ पटले. त्यामुळे पाण्याला वाट देऊन साखरेला अडवण्याची पेशींची क्षमता संपली. पाठ्यपुस्तकात ज्याला निवडक्षम पारपटल म्हणतात, त्याचे काम विद्यार्थ्याला या एका फरकातून दिसते. त्यामुळे हा प्रयोग पाण्यात फुगणाऱ्या मनुकांच्या नेहमीच्या प्रयोगाहून अधिक बोलका आहे.

पाणी एका दिशेला अधिक का जाते हे समजण्यासाठी दोन अंगणे आणि त्यांच्यामधले कुंपण डोळ्यांसमोर आणावे. कुंपणाला लहान मुलांपुरत्या फटी आहेत आणि दोन्ही अंगणांत मुले सैरावैरा धावत आहेत. धावता धावता काही इकडची तिकडे जातात, काही तिकडची इकडे येतात, आणि दाटी सारखी असेल तोवर संख्येत फरक पडत नाही. आता एका अंगणात काही गाई आणून बांधल्या, तर त्या फटींतून जाऊ शकत नाहीत, पण बरीच मुले त्यांच्याभोवती घोटाळत राहतात, त्यामुळे त्या अंगणातून फटीपर्यंत पोहोचणारी मुले कमी होतात; पलीकडून येणाऱ्या मुलांचा ओघ मात्र पूर्वीसारखाच राहतो. कोणी कोणाला ओढलेले नसते, कोणाच्या मनात समतोल साधण्याचा हेतूही नसतो, तरी काही वेळाने गाईंच्या अंगणात मुले वाढलेली दिसतात. मुलांच्या जागी पाण्याचे रेणू, गाईंच्या जागी मिठाचे आयन म्हणजे विद्युतभारित कण, आणि कुंपणाच्या जागी पेशीपटल ठेवले की परासरणाचा गाभा हाती येतो. पेशीपटलातल्या फटी अर्थातच नुसती भोके नसतात. पाण्याच्या जाण्यायेण्यासाठी पटलात विशिष्ट प्रथिनांच्या वाटा असतात. पीटर ॲग्रे यांनी त्यांचा शोध १९९२ च्या सुमारास लावला आणि त्यासाठी २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी झाले.

हा उलगडा झाल्यावर बटाट्याचाच दुसरा प्रयोग मोजमापाकडे नेतो. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या सळ्या कापून त्या साध्या पाण्यात, अर्धा टक्का, एक टक्का, दोन टक्के आणि साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात ठेवायच्या आणि आधीचे व नंतरचे वजन किंवा लांबी नोंदवायची. एक टक्का म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण १० ग्रॅम मीठ, आणि सराफी तराजू नसला तरी भाजीवाल्याकडचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा होतो, मात्र मग एकेका सळीऐवजी दहा सळ्यांचे एकत्र वजन करावे. साध्या पाण्यातल्या सळ्या ताठ होऊन वजनाने वाढतात, साडेतीन टक्क्यांच्या पाण्यातल्या लुळ्या पडतात, आणि मध्ये कुठेतरी असे एक प्रमाण सापडते की जेथे वजन बदलतच नाही. हे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याच्या आसपास असते, बटाट्याच्या ताजेपणानुसार थोडे सरकते, आणि आलेखकागदावर रेषा काढून ते विद्यार्थ्यांनी स्वतः शोधायचे असते. ज्या पाण्यात पेशी पाणी घेतही नाही आणि गमावतही नाही ते ‘समपरासारी’, ज्यात ती फुगते ते ‘अवपरासारी’ आणि ज्यात ती आक्रसते ते ‘अतिपरासारी’, ही नावे आलेख काढून झाल्यावर दिली तर ती हाताला लागलेल्या अनुभवाला चिकटतात. आलेखाच्या आधी दिली तर ती केवळ तीन अवघड शब्द राहतात. रुग्णालयात शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ का असते, हे याच आलेखावरून नववीचा विद्यार्थी तर्काने सांगू शकतो.

एका पेशीच्या आत

बटाट्याची सळी लुळी पडते तेव्हा आतल्या पेशींचे काय होते हे पाहण्यासाठी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाइतके सोयीचे झाड दुसरे नाही. पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची जांभळी असलेले हे झाड शाळांच्या आणि उद्यानांच्या कडेने सर्रास लावलेले असते. पान मोडून खालची जांभळी त्वचा चिमट्याने अलगद सोलली आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, की सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतात. जांभळा रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या मोठ्या पोकळीत असतो, त्यामुळे कोणताही रंजक वापरावा लागत नाही. आच्छादन काचेच्या एका कडेला चार-पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढले, तर काही मिनिटांत प्रत्येक जांभळी फरशी आतल्या आत आकसू लागते आणि तिच्याभोवती रंगहीन चौकट उरते. ही चौकट म्हणजे पेशीभित्तिका. ती कडक असल्यामुळे जागच्या जागी राहते, पेशीपटल मात्र आतल्या रसासह आकुंचन पावून तिच्यापासून सुटते. यालाच रससंकोच म्हणतात. पुन्हा साधे पाणी सोडले की पेशी परत भरतात, मात्र मिठाचे पाणी फार तीव्र असेल किंवा फार वेळ ठेवले असेल तर त्या भरत नाहीत, कारण तोवर पटल जखमी झालेले असते. पेशी मेली हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नाचे असे प्रत्यक्ष उत्तर शालेय पातळीवर क्वचितच मिळते.

सूक्ष्मदर्शक एकच आणि विद्यार्थी साठ, ही अडचण खरी आहे, आणि येथे कागदी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली ‘फोल्डस्कोप’ची रचना प्रसिद्ध केली. घडी घातलेला कागद आणि मण्याएवढे एकच भिंग यांच्या या उपकरणातून सुमारे १४० पट वर्धन मिळते, आणि ऱ्हिओच्या पेशी पाहण्यासाठी ते भरपूर आहे. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुढे देशभरातल्या शाळा-महाविद्यालयांना या उपकरणासाठी अर्थसाहाय्य दिले. मोबाइलच्या कॅमेऱ्याला ते चिकटवता येत असल्याने आकुंचनाची चित्रफीत वर्गातच तयार होते, आणि ती दुसऱ्या कोणी केलेल्या चित्रफितीपेक्षा विद्यार्थी कितीतरी बारकाईने पाहतात.

तिवराचे मूळ आणि पान

एवढी तयारी झाल्यावर तिवराचा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो, आणि तो तसा व्हायलाच हवा. बटाट्याच्या आलेखानुसार साडेतीन टक्क्यांच्या पाण्यात पेशींनी पाणी गमवायला हवे. तिवर मात्र त्याच पाण्यातून पाणी मिळवतो. याचा एक भाग असा की तिवराच्या पेशींतला रस समुद्राच्या पाण्यापेक्षाही तीव्र असतो. पेशी मीठ रिक्तिकेत साठवते आणि उरलेल्या भागात, जेथे मिठाने प्रथिने बिघडली असती, तेथे निरुपद्रवी सेंद्रिय रेणू साठवून तोल राखते. दुसरा भाग मुळांचा आहे. पानांतून बाष्पोत्सर्जन होत असताना खोडातल्या जलवाहिन्यांतील पाण्यावर ताण पडतो. शास्त्रज्ञ पर शोलँडर यांनी १९६० च्या दशकात दाबपात्र वापरून हा ताण मोजला, तेव्हा समुद्राच्या पाण्याच्या सुमारे २५ वातावरणे एवढ्या परासरण दाबावर मात करण्याइतका तो असल्याचे तिवरासारख्या खारफुटी झाडांत आढळले. या ताणामुळे मुळाच्या पटलांतून पाणी आत खेचले जाते आणि बहुतांश मीठ बाहेरच अडते; पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रात पंपाच्या दाबाने जे घडते त्याचे तत्त्वही हेच आहे.

तरीही थोडे मीठ आत शिरतेच, आणि त्याची विल्हेवाट तिवराच्या पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी लावतात. कोरड्या ऋतूत सकाळच्या उन्हात तिवराचे पान भिंगाखाली धरले तर मिठाचे चकाकणारे कण दिसतात. शेजारच्याच कांदळ या खारफुटी झाडाच्या पानावर ते दिसत नाहीत, कारण त्याला अशा ग्रंथी नाहीत आणि त्याची भिस्त मुळांच्या गाळणीवर अधिक आहे. एकाच चिखलात दोन झाडांनी एका संकटाला दिलेली ही निरनिराळी उत्तरे अनुकूलनाच्या धड्यासाठी वाळवंटातल्या उंटाच्या चित्रापेक्षा कोकणातल्या विद्यार्थ्याला अधिक जवळची आहेत. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटांएवढी श्वसनमुळे, प्राणवायूरहित चिखलात मुळांपर्यंत हवा पोहोचवतात. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वसन करत चिखलावर सरपटणारा निवटा, चिंबोऱ्यांची बिळे आणि खडकांना चिकटलेली कालवे, यांतून दहावीच्या ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या पाठातले तीन मोठे संघ काही मीटरांच्या परिसरात भेटतात.

खारघर, कामोठे, कळंबोली येथील अनेक विद्यार्थ्यांची घरे सिडकोने भराव घालून वसवलेल्या भागांत आहेत आणि खाडी त्यांना पुलावरून जाताना दिसणारी हिरवी पट्टी एवढीच ठाऊक असते, हे लक्षात घेतले तर खाजणाला प्रत्यक्ष भेट देण्याची निकड आणखी जाणवते.

चौकट : खाजणातला एक तास

ऑक्टोबर ते मे या काळात, पाऊस नसताना आणि ओहोटीच्या वेळी जावे, कारण पाऊस पानांवरचे मीठ धुऊन नेतो आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकत असल्याने मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्यात चालत नाही. काठावरूनच निरीक्षण करावे. चिखलात उतरू नये आणि स्थानिक कोळी किंवा आगरी बांधवांपैकी कोणी वाटाड्या सोबत असावा. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने फांदी तोडू नये, गळलेली पाने उचलावीत. पान चाटून पाहण्याचा मोह मुलांना होतो, पण तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून येणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणामुळे या परिसरात तसे मुळीच करू नये. त्याऐवजी पान थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन, शाळेत परतल्यावर त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. तुलनेसाठी शाळेतल्या आंब्याचे पान तसेच धुऊन तीच चाचणी करावी.

खारजमीन आणि भात

मिठाचा प्रश्न पनवेल परिसरात केवळ खारफुटीपुरता नाही, तो भाताचाही आहे. खाडीलगतच्या सखल जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून भातशेती केली गेली. बांधातल्या उघाडीची झडप ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. पावसाळ्यात सुरुवातीच्या सरी जमिनीवरचे मीठ विरघळवून खाली व बाहेर नेतात आणि त्यानंतर लावणी होते. बांधाला खांड गेली आणि खारे पाणी शिरले की पीक दोन प्रकारे मार खाते: मुळांबाहेरचे पाणी तीव्र झाल्याने पाणी आत येणे मंदावते, आणि सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा घेऊ लागल्याने पेशींची कामे बिघडतात. पहिला परिणाम काही तासांत दिसतो, दुसरा दिवसांगणिक साचत जातो.

या प्रश्नावर काम करणारे खारजमीन संशोधन केंद्र पनवेलमध्येच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती निघाल्या. स्वतःच्या गावाचे नाव धारण करणारे वाण आनुवंशिकतेच्या पाठात यावे, ही संधी महाराष्ट्रातल्या फार थोड्या शाळांना मिळते. क्षार सहन करणारे भाताचे रोप सोडियम पानांपर्यंत पोहोचू न देण्याची किंवा पोहोचलेले रिक्तिकेत बंद करून ठेवण्याची क्षमता बाळगते, आणि ही क्षमता पिढ्यान्‌पिढ्या उतरत असल्यामुळेच निवड व संकर यांच्या साहाय्याने वाण तयार करता येतो. ‘जनुक’ हा शब्द येथे खाचरात उभा राहतो.

वर्गात याची चाचणी घेण्यासाठी बशा, जुने सुती कापड, मीठ आणि दोन-तीन जातींचे बियाण्याचे भात लागते. साधे पाणी, पाव टक्का, अर्धा टक्का आणि एक टक्का असे चार प्रकारचे पाणी घेऊन प्रत्येक बशीत पन्नास दाणे ओल्या कापडावर मांडावेत, बशा झाकाव्यात म्हणजे बाष्पीभवनाने मीठ तीव्र होत नाही, आणि आठवडाभर रोज किती दाणे रुजले व कोंबाची लांबी किती झाली ही नोंद करावी. दोन्ही नोंदी का, याचे कारण प्रयोगातच दडलेले आहे: भाताचा दाणा रुजताना मीठ बऱ्यापैकी सहन करतो, पण कोवळे रोप त्याला हळवे असते, म्हणून केवळ रुजलेल्या दाण्यांची संख्या पाहणारा गट आणि लांबीही मोजणारा गट यांचे निष्कर्ष निराळे येऊ शकतात. दोन गटांमधला असा मतभेद शिक्षकाने घाईने मिटवू नये. कशाची मोजणी करायची हे ठरवणे हा विज्ञानाचाच भाग आहे.

इतर पाठांसाठी थोडक्यात

प्रकाशसंश्लेषणासाठी पनवेलच्या तलावांत मिळणारी हायड्रिला ही पाणवनस्पती उत्तम. यान इंगेनहौझ यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे उन्हात येतात आणि अंधारात थांबतात हे १७७९ साली प्रसिद्ध केले. तेच निरीक्षण हायड्रिलाची बरणी खिडकीपासून जवळ-लांब नेत, मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजून करता येते.

आनुवंशिकतेसाठी जनुकाच्या दोन रूपांऐवजी दोन रंगांचे मणी आणि दोन पालकांऐवजी दोन पिशव्या पुरतात, फक्त संख्या मोठी हवी. ग्रेगोर मेंडेल यांना दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे २.९६ला १, तीनास एक हे गुणोत्तर त्यांनाही तंतोतंत मिळाले नाही. बारा जोड्या काढून थांबलेल्या गटाला सातास पाच मिळाले की तो गोंधळतो, आणि साऱ्या वर्गाच्या जोड्या एकत्र केल्या की आकडा तीनाकडे सरकताना दिसतो. संभाव्यतेचा हा अनुभव पनेटच्या चौकटीत अक्षरे भरून मिळत नाही.

अन्नजाळ्यासाठी कर्नाळा आहे. १९६८ साली जाहीर झालेले, बारा चौरस किलोमीटरांच्या आसपास विस्ताराचे हे पक्षी अभयारण्य पनवेल तालुक्यातच मुंबई-गोवा महामार्गावर आहे. तेथे पक्ष्यांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा तांबटाची जाड चोच आणि स्वर्गीय नर्तकाची चपटी चोच पाहून कोण फळे खाईल आणि कोण उडते कीटक पकडेल याचा अंदाज आधी लिहून घ्यावा.

चलचित्रे, वेळ आणि परीक्षा

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेतांमधून दीक्षा या मंचावरच्या चित्रफिती वर्गात सहज आणता येतात, आणि हृदयाच्या झडपा किंवा पेशीविभाजन यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रक्रियांसाठी त्यांना पर्याय नाही. परासरणाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी, कारण अनेक चलचित्रांत पाण्याचे निळे ठिपके केवळ एकाच दिशेने जाताना दाखवले जातात आणि ‘पाणी ओढले जाते’ ही जुनी समजूत पक्की होते. असे चलचित्र प्रयोगानंतर दाखवून ‘यात काय चुकले आहे?’ असे विचारले, तर दोष असलेले साहित्यही कामी येते.

प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण ग्रामीण शाळांत चालते का, ही शंका जुनी आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञानशिक्षण कार्यक्रम स्थानिक वस्तूंच्या संचावर २००२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे चालला; त्याच सुमारास, १९७४ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. हे केंद्र मानखुर्दला, पनवेलच्याच हार्बर मार्गावर आहे. पनवेलच्या शाळांपुढचा प्रश्न म्हणूनच शक्यतेपेक्षा वेळापत्रकाचा आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात बटाट्याच्या सळ्यांचा प्रयोग पूर्ण होत नाही. तो मधल्या सुट्टीपूर्वी लावून सुट्टीनंतर मोजावा, आणि साठ विद्यार्थ्यांचे सहा-सहांचे दहा गट करून प्रत्येकाला मिठाचे एकच प्रमाण द्यावे, म्हणजे फळ्यावरच्या एका आलेखासाठी साऱ्या वर्गाची गरज पडते.

परीक्षेतला प्रश्न बदलला नाही तर हे सारे साहित्य सहलीसारखे विसरले जाईल. ‘परासरण म्हणजे काय?’ या प्रश्नाच्या जोडीला घटक चाचणीत वर्गात न आलेली एखादी परिस्थिती द्यावी: कैरीचे लोणचे मिठामुळे महिनोन्‌महिने टिकते, त्यात पडलेल्या जिवाणूच्या पेशीचे काय होत असेल ते आकृती काढून सांगा, आणि लोणच्यात मीठ निम्मे घातले तर काय होईल याचा अंदाज कारणासह लिहा. आकृतीत पेशीपटल काढलेले आहे का, पाण्याचे बाण दोन्ही दिशांना आणि कमी-अधिक जाडीचे आहेत का, एवढे पाहिले तरी गुण देता येतात, आणि पुढच्या तासाला कोणत्या गटासमोर पुन्हा कच्चा व उकडलेला बटाटा ठेवावा लागेल हेही शिक्षकाला त्या उत्तरांवरून कळते.